टॉवेलचा दांडा

"टॉवेल वाळत घालायचा म्हणतात, आणि दांडा मागतात बैल बांधायचा," प्लंबर म्हणाला. हे तो मला म्हणाला नव्हता, भिंतीला म्हणाला होता. पण आमचं छोटं बाथरूम इतकं छोटं आहे की तिथं भिंतीच्या कानात सांगितलेलंही दुसऱ्याला ऐकू जातं. शिवाय मी त्याचं डुगडुगतं स्टूल दोन्ही हातांनी धरून उभी होते आणि माझं डोकं त्याच्या गुडघ्याशी होतं. वर गीझरसाठी चार भोकं पाडून झाली होती, माझ्या केसांत भिंतीचा भुगा पडत होता, आणि दांडा हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकत होते. "कसला दांडा?" मी विचारलं. "काकांनी सांगितलंय," तो म्हणाला, "सकाळी जिन्यातच गाठलं मला. कंबरेएवढ्या उंचीवर टॉवेलचा दांडा लावा म्हणाले, माणूस लोंबकळला तरी उखडता कामा नये असा. मी म्हटलं, काका, टॉवेल किती जड आहे हो तुमचा? तर म्हणाले, ओला होतो ना." मला हसू फुटलं. स्टूल हललं, वरून "वहिनी, वहिनी!" अशी हाक आली, मी स्टूल घट्ट धरलं, आणि हसू ओठांवर असतानाच दचकले. जिन्याची शेवटची पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं. म्हणजे ह्यांनाही माहीत आहे.

मला वाटत होतं, एकट्या मलाच माहीत आहे. आणि एखादी गोष्ट एकट्यालाच माहीत असली की तिचं ओझं होतं हे खरं, पण थोडी ऐटही येते. आठवडेच्या आठवडे मी ते ओझं आणि ती ऐट दोन्ही सांभाळत होते, आणि इकडे माझा नवरा टॉवेलच्या दांड्याची उंची ठरवत होता. त्याच्याकडून दुसरं काय होणार म्हणा. माझे वडील गेले तेव्हा हा माणूस सांत्वनाचा एक शब्द बोलला नाही. मी माहेराहून परत आले तर दाराशी माझ्या चपला ठेवलेल्या, सुटलेला अंगठा शिवून आणलेला, आणि वर पॉलिश. त्या चपला पाहून मी जी रडले ती तिकडे सगळ्यांसमोरसुद्धा रडले नव्हते. बोलायचं ते हातानं करायचं, आणि केलेलं कुणी बघितलं की लाजून दुसऱ्या खोलीत जायचं, ही ह्यांची रीत. टक्कल पडलं, चष्म्याचा नंबर वाढला, पण वन्सं अजून ह्यांना 'छोट्या' म्हणतात, आणि अशा वेळी तेच नाव शोभतं.

तर माहीत होतं ते एवढंच की वन्सं आंघोळ करत नाहीत. वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण. जिनं पोहण्याच्या तलावावर बायकांना पोहायला शिकवण्यात सगळी नोकरी काढली, जिच्या गळ्यात मंगळसूत्र कधी आलं नाही पण शिट्टी मात्र कायम असायची, जी बाराही महिने गार पाण्यात उतरायची आणि आम्ही कुडकुडलो की "पाणी चावतं का?" म्हणून विचारायची, ती. त्यांच्या स्वतःच्या घरी त्या बाथरूममध्ये घसरून पडल्या. हात मोडला. दार आतून लावलेलं, हाक बाहेर पोचत नव्हती. शेजारीण भांडं परत द्यायला आली आणि दार उघडेना म्हणून तिनं माणसं जमवली, तोवर वन्सं तिथंच होत्या. सकाळची दुपार झाली होती. आम्ही धावत पोचलो तर हात गळ्यात बांधलेला आणि तोंडावर हसू. म्हणाल्या, "इतकी वर्षं राहिले, पण फरशीचा रंग नीट बघायला आज वेळ मिळाला. घाणेरडा आहे गं." आम्ही हसलो. तिथंच चुकलं बहुतेक. त्यांनी हसायला सांगितलं आणि आम्ही आज्ञाधारकपणे हसलो, त्यामुळे पुढं त्यांना दुसरं काही सांगायची जागाच उरली नाही. आमच्याकडे आणलं, हात जुळला, प्लास्टर निघालं, आणि त्या छोट्या बाथरूममध्ये स्वतःची आंघोळ स्वतः करायला लागल्या. म्हणजे तसा आवाज यायला लागला.

माझं शिवणाचं मशीन त्याच बाथरूमच्या भिंतीला लागून आहे. लोकांच्या पँटी आखूड करणं आणि ब्लाउज सैल करणं हा माझा धंदा, आणि ह्या धंद्यात हात गुंतलेले असतात पण कान मोकळे असतात. आंघोळ करणाऱ्या माणसाचा आवाज सारखा नसतो. पहिला तांब्या बिचकत पडतो, मग भराभर दोन-तीन, मग साबणाची शांतता, त्यात एखादं गुणगुणणं, मग हात पोचत नाही तिथं पाठीवर उडवलेलं पाणी, आणि शेवटी सगळी बादली एकदम. वन्संच्या आंघोळीत तांब्या, थांबा, तांब्या, थांबा. अगदी एका मापानं. झाडांना पाणी घालतात ना, तसा. मी पाय पॅडलवर ठेवून ऐकत राहिले आणि हळूहळू माझ्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं: बाई दारात उभी आहे, उंबऱ्याच्या अलीकडे, आणि हात लांब करून आतल्या फरशीवर पाणी ओतते आहे. पुढचे केस ओले करून बाहेर यायच्या, पण टॉवेल कोरडा. ओल्या फडक्यानं अंग पुसत असणार. मग पावडर. पावडरीचे डबे भराभर संपायला लागले. आणि मग खुर्ची. आधी टेबलाशी आमच्यात बसायच्या, मग खिडकीशी बसायला लागल्या, मग पार व्हरांड्याच्या टोकाला. "उजेड चांगला आहे इथं," म्हणायच्या. माणूस बाथरूमबाहेर राहिलं ते ठीक, पण घरातूनच असं एकेक खुर्ची लांब चाललं तर शेवटी ते कुठं जाऊन बसेल, ह्या विचारानं माझी शिलाई वाकडी जायची. मी उसवायची आणि पुन्हा घालायची. तलावावरच्या जुन्या मुली, आता त्यांचेही केस पिकलेत, भेटायला येतो म्हणाल्या तर वन्संनीच फोनवर सांगून टाकलं, अजून हात दुखतो. हात दुखत नव्हता. त्या हातानं त्या नारळ फोडतील.

का नाही विचारलं? असं मी स्वतःला विचारते तेव्हा माझ्याकडे उत्तर तयार असतं, आणि ते तलावाच्या पाण्याचंच असतं. लग्न होऊन आले तेव्हा मला पाण्याची धास्ती. वन्संनी मला उथळ बाजूला नेलं, आडवं केलं, पाठीखाली हात ठेवला. "अंग सोड. तू दगड नाहीस, सून आहेस आमची." मी आभाळाकडे बघत राहिले. कानांत पाणी गेलं तसा बाकीच्या बायकांचा कलकलाट लांब गेला, आणि पाठीखालचा तो हात तेवढा राहिला. मग त्या समोरच्या काठावरून हसताना दिसल्या. हात त्यांनी केव्हाच काढून घेतला होता आणि मला कळलंही नव्हतं. असा हात ज्या बाईचा, तिला जाऊन म्हणायचं, तुम्हाला भीती वाटते का हो? जीभच उचलत नव्हती. आणि त्यात एक दिवस जेवताना वन्संच म्हणाल्या, "छोट्या, तुमच्या त्या बाथरूममध्ये पाणी फार गार असतं रे." आम्ही दोघांनी एकदम माना वर केल्या. बाराही महिने गार पाण्यात उतरणारी बाई हे म्हणत होती, पण आम्हाला इतका आनंद झाला! दुखणं सापडलं, आणि औषध दुकानात मिळतं. मोठ्या बाथरूममध्ये गीझर आहे, पण तिथं आमच्या झोपायच्या खोलीतून जावं लागतं, आणि "तुमच्या खोलीतून टॉवेल घेऊन मिरवत जाऊ का?" हे त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं. मग छोट्या बाथरूमला वेगळा गीझर. आमच्या जेवणाच्या टेबलावर नुसता गीझर सुरू झाला. उभा की आडवा, पांढरा की राखी, पाणी किती वेळात तापतं. लग्नाच्या वेळी माझ्याबद्दलही इतकी चौकशी झाली नसेल. दोघं भावंडं दुकानात जाऊन तो घेऊन आली तेव्हा पांढऱ्या खोक्यातलं ते धूड बघून मला त्याची दया आली. बिचाऱ्याला पाणी तापवायला आणलं होतं, आणि अपेक्षा काय काय होत्या.

"दांडा लावा," मी प्लंबरला म्हणाले, "काका म्हणतात तिथंच लावा." आणि आवाज आणखी खाली आणून, "पण माझी ती कडी विसरू नका. आणि मी सांगितलं म्हणून कुणाला सांगू नका." कारण मीही काही गप्प बसले नव्हते. आतली कडी काढून टाका आणि बाहेरून नाणं घालून उघडतं तसलं कुलूप बसवा, असं मी त्याला आदल्या दिवशी फोनवरच सांगून ठेवलं होतं. कारण काय सांगितलं, तर कडी गंजलीय. त्यानं कडीकडे बघितलं. कडी लख्ख होती. माझ्याकडे बघितलं. मग खाली उतरला, कंबरेएवढ्या उंचीवर पेन्सिलीनं खूण केली आणि ड्रिल लावलं.

भिंतीतून आधी भुगा आला, मग ओला भुगा, मग एकदम चांदीच्या तारेसारखी एक बारीक धार निघाली आणि थेट त्याच्या हनुवटीखाली बसली. "गेला पाइप!" तो ओरडला आणि भोकावर अंगठा दाबला. धार अंगठ्याच्या दोन्ही बाजूंनी निघून आता माझ्या डोळ्यांत. गीझर वर ठीकठाक लटकत होता. त्याच्या भोकांनी काही केलं नव्हतं. भिंतीतला पाइप बरोबर कंबरेएवढ्या उंचीवरून जातो हे कुणाला माहीत असायचं काही कारण नव्हतं, कारण सरळ मनानं कुणी तिथं टॉवेल लावलाच नसता. "मेन कॉक!" प्लंबर म्हणाला, आणि माझा नवरा गच्चीकडे धावला. काहीतरी करायला मिळालं म्हणून चेहरा नुसता उजळला होता. धावत गेला, कॉक बंद केला, धावत खाली आला. धार होती तशीच. तेवढ्यात दारावर थापा. उघडलं तर खालच्या मजल्यावरची बाई, गाऊन उलटा, डोक्यावर साबणाच्या फेसाचा डोंगर, एक डोळा मिटलेला. "माझं पाणी कुणी घालवलं?"

आणि तेव्हा व्हरांड्याच्या टोकाची खुर्ची सरकली. "छोट्या!" तो आवाज मी किती दिवसांत ऐकला नव्हता! तलावाच्या ह्या काठावरून त्या काठावर पोचणारा. "पुन्हा वर जा. त्यांचा कॉक उघड, त्याच्या शेजारचा बंद कर. तू, बादली लाव आणि पायपुसणी सगळी इकडे आण. तुम्ही अंगठा काढायचा नाही! अजिबात नाही! आणि तुम्ही, स्वयंपाकघरात चला, पिंपात पाणी आहे, डोकं धुऊन घ्या आधी." बाथरूमच्या दारात दोन्ही हात कमरेवर ठेवून वन्सं उभ्या होत्या, गळ्यात शिट्टी नव्हती एवढंच. आम्ही सगळे शिट्टी वाजल्यासारखे धावत होतो. प्लंबर अंगठा दाबून हसत होता, मी भिजून हसत होते, खालची बाई सिंकमध्ये डोकं घालून कण्हत कण्हत हसत होती, आणि ह्या सगळ्या गोंधळात घर कसं बरं झाल्यासारखं वाटलं. मग मी पायपुसणं टाकायला वाकले आणि वन्संचे पाय दिसले. उंबऱ्याच्या बाहेर, बोटं आत ओढून घेतलेली, फरशीला नखं रोवल्यासारखी. आतून पाण्याचा एक ओघळ उंबऱ्याकडे येत होता आणि वन्संचा आवाज तसाच खणखणीत, पण पाय मात्र एकेक इंच मागं मागं.

पाणी थांबलं. प्लंबरला ह्यांचा सदरा घालायला दिला, तो त्याला पोटावर बसेना. चहा घेता घेता तो स्वयंपाकघरात मला म्हणाला, "आता पाइप जोडायचा, सिमेंट वाळायचं, म्हणजे गीझर उद्याच. तसं मोठ्या बाईंच्या मनासारखंच झालं म्हणा." "म्हणजे?" "त्यांनी सकाळी मला बाजूला घेतलं ना. म्हणाल्या, घाई करू नका, आज अर्धं ठेवा, उद्या अर्धं, परवा नाही जमलं तरी चालेल. अहो वहिनी, इतकी वर्षं हे काम करतोय. लवकर करा म्हणून लोक जीव खातात. सावकाश करा म्हणणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघितलं." त्यानं बशी ठेवली. "एक म्हणतं दांडा लावा. एक म्हणतं कडी काढा. एक म्हणतं सावकाश. आणि तिघंही म्हणतात, बाकीच्या दोघांना सांगू नका. ह्या बाथरूममध्ये आंघोळच करायची आहे ना हो?" "आंघोळच," मी म्हणाले. माझा चेहरा कसा झाला असेल कोण जाणे, त्यानं आणखी चहा मागितला.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं टेबलाशी बसलो होतो, म्हणजे दोघं टेबलाशी आणि वन्सं त्यांच्या उजेडात. बोलत होतो ते खालच्या बाईच्या फेसाबद्दल. वन्संनी तिची नक्कल केली, एक डोळा मिटून. ह्यांना ठसका लागला. मी हसता हसता तिघांकडे चौथ्या कुणीतरी बघावं तसं बघत होते. हिला माहीत आहे की गीझर लागला की कारण संपलं. ह्याला माहीत आहे की खरं कारण गार पाणी नाहीच. मला दोघांचं माहीत आहे. आणि कदाचित त्या दोघांनाही माझं. एका पांघरुणात तीन माणसांनी झोपल्याचं सोंग घ्यावं, प्रत्येकाला दुसऱ्याचा जागा श्वास ऐकू यावा आणि कूस बदलायलाही धीर होऊ नये, तसं चाललं होतं. आपण बोललो तर काय होईल? वन्सं हसतील. "काहीतरीच काय!" म्हणतील आणि बॅग भरतील. त्यांच्या त्या घाणेरड्या रंगाच्या फरशीवर परत जातील आणि तिथं एकट्या राहून तांब्यानं आवाज करत बसतील, ऐकायलाही कुणी नसताना. हे डोळ्यांसमोर आलं आणि मी पुन्हा फेसावर बोलायला लागले.

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला तो आपणहून स्टूलही चांगलं घेऊन आला. वन्सं त्याला म्हणाल्या, "आलात लगेच?" तो म्हणाला, "आलो बाई, काय करणार." दांडा एक वीत बाजूला सरकवून पक्का बसवला. कडी निघाली. गीझर जोडला, भरला, लाल दिवा लागला. आम्ही सगळे त्या दिव्याकडे बघत उभे. पाणी तापून दिवा गेला, ह्यांनी गरम पाण्याचा नळ सोडला, खाली हात धरला. गार. आणखी सोडला. गारच. प्लंबरनं कान भिंतीला लावला, मग चेहरा पाडून कमोडची टाकी उघडली. आतून वाफ आली. जुन्या दोन पाइपांत त्यानं गफलत केली होती, आणि आमच्या नव्या गीझरचं पहिलं कढत पाणी कमोडला मिळालं होतं. "बसायला उबदार होईल," हे म्हणाले. ह्यांच्या तोंडून विनोद निघाला म्हणून मला प्लंबरवर रागावताच येईना. वन्सं तर उंबऱ्याबाहेर भिंतीला टेकून इतक्या हसल्या की डोळे पुसायला लागल्या, आणि त्या हसण्यात मला स्पष्ट ऐकू आलं, सुटले, अजून एक दिवस सुटले. पण प्लंबर हट्टाला पेटला होता. त्यानं पाइप काढले, फिरवले, पुन्हा आवळले. पाणी पुन्हा तापलं. नळ सोडला. आणि ह्या वेळी बादलीतून अशी भरभरून वाफ निघाली की आरसा पुसट झाला.

"ताई," हे म्हणाले, "पहिला मान तुझा." वन्संच्या खांद्यावर टॉवेल होता. तो त्यांनी कधी घेतला, का मी दिला, का ह्यांनी, आठवत नाही. अरुंद बोळात आम्ही एका रांगेत उभे, प्लंबर हत्यारं गोळा करत बसलेला, आणि समोर उघडं दार. वन्सं उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि थांबल्या. आत बघत म्हणाल्या, "छोट्या, हा दांडा इतका खाली का रे?" "टॉवेल... खाली बरा वाळतो." "असं होय. आणि कडी कुठं गेली?" "गंजली होती," मी म्हणाले. "काल तर चकाकत होती." "रात्रीत गंजली असेल," प्लंबर पिशवीत तोंड घालून म्हणाला. वन्संनी त्याच्याकडे बघितलं. "आणि तुम्हाला मी काय सांगितलं होतं?" "सावकाश करा म्हणालात. केलं की! कमोडसुद्धा तापवून घेतला." कुणी हसलं नाही. हसायला हवं होतं, सगळ्यांच्या ओठांशी आलंही होतं, पण वन्सं हसल्या नाहीत म्हणून ते तिथंच राहिलं. त्या आमच्याकडे वळल्या. ह्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बॅग. आता खांद्यावरचा टॉवेल घडी घालून माझ्या हातात देतील आणि गाडीचं विचारतील. माझ्या तोंडात शब्द तयार होते, इतक्या आठवड्यांचे चावून चावून मऊ झालेले, आणि मी ते काढणार तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की त्यांचा हात माझ्या मनगटावर आहे. तोच मोडलेला. घट्ट आणि गार. मी त्यांच्या इतक्या जवळ महिन्याभरात उभी राहिले नव्हते. पावडरीचा वास आला, आणि पावडरीच्या खालचाही, आणि त्यात वाईट असं काही नव्हतं. माणसाचा वास होता.

"पडल्यापासून आंघोळ केलेली नाही मी," वन्सं म्हणाल्या. आवाज लहान होता, बोळापुरता. "भीती वाटते गं मला आत जायची. खूप भीती वाटते. तू चल माझ्याबरोबर आत. आणि छोट्या, तू दाराबाहेर बसून बोलत राहा. काय वाटेल ते बोल, पण गप्प नको बसूस."